गळक्या नळाचा वायसर घरच्या घरी बदला

रात्री सगळी निजानीज झाली, गुरे रवंथ करीत बसली, की अंगणातून एक आवाज येऊ लागतो. टप्... टप्... टप्. तुमच्याही घरी येत असेल. दिवसा कामाच्या गडबडीत तो कोणाच्या कानावर पडत नाही. रात्री ऐकला, तरी आपण कूस बदलतो आणि म्हणतो, “उद्या बघू.” तो उद्या काही उजाडत नाही.

आमच्याकडेही असेच चालले होते. आमच्या गावची नळयोजना उन्हाळ्यात एक दिवसाआड तासभर पाणी सोडते. त्या तासात छपरावरची ५०० लिटरची काळी टाकी भरून घ्यायची आणि दोन दिवस पुरवायची, असा आमचा रिवाज. मागच्या वैशाखात मात्र दुसऱ्या दिवशी संध्याकाळीच टाकीचा तळ दिसू लागला. आधी मी मुलांवर रागावले. मग जावेला वाटले, मीच धुण्याला पाणी जास्त ओतते. मला वाटले, तीच भांड्याला ओतते. दोघी दोन दिवस एकमेकींशी बोललो नाही. गोठ्यात गाय मोकळ्या बादलीला तोंड घालून हंबरू लागली, तेव्हा मामंजी ओट्यावरून म्हणाले, “सूनबाई, चोर घरातच हाय. तांब्या घे आन् नळाखाली ठेव.”

मी एक लिटरचा तांब्या ठेवला. चाळीस मिनिटांत तो काठोकाठ भरला.

आधी हिशेब करा

तुम्हीही आज रात्री हेच करा. गळक्या नळाखाली मापाचे भांडे ठेवा आणि घड्याळ बघा. माझा हिशेब असा झाला : चाळीस मिनिटांत १ लिटर, म्हणजे दिवसाला ३६ लिटर, दोन दिवसांत ७२ लिटर, आणि महिन्याला हजार लिटरच्या वर. उन्हाळ्यात दुभती संकरित गाय दिवसाला सत्तर-ऐंशी लिटर पाणी सहज पिते. म्हणजे दर दोन दिवसांनी आमच्या एका गाईचे एका दिवसाचे पाणी मोरीत जात होते आणि आम्ही जावा-जावा भांडत होतो.

दुसऱ्या मापाने बघा. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशनची घोषणा झाली. त्यात खेड्यातल्या प्रत्येक माणसाला रोज ५५ लिटर पाणी घरच्या नळाने मिळावे, असे ठरवलेले आहे. एका माणसाच्या वाट्याच्या या पाण्यातले निम्म्याहून जास्त आमची तोटी एकटीच पीत होती. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ हे आपण मुलांना शिकवतो. थेंबे थेंबे तळे आटते, हे मात्र आपल्याला टाकी रिकामी झाल्यावर कळते.

मामंजींनी १९७२ च्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडली आहे. २०१६ साली एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, ते आपण सगळ्यांनी पाहिले. पाण्यासाठी गाडी सोडावी लागते अशा मुलुखात आपण राहतो. येथे चार-पाच रुपयांच्या वायसरसाठी नळ गळत ठेवणे बरे नव्हे.

मी तालुक्याच्या मिस्त्रीला निरोप धाडला. आठ दिवस झाले तरी तो आला नाही. त्याचेही खरे आहे. एका वायसरसाठी एवढ्या लांब येणे त्याला परवडत नाही. शेवटी मामंजींनीच पेटी काढली. म्हणाले, “विहिरीवरच्या पंपाचा ग्लँड मी चाळीस वर्सं भरला. ही तोटी म्हंजे त्याचंच लेकरू.” त्या दिवशी मी जे शिकले, ते तुम्हाला सांगते.

तोटीच्या पोटात काय असते?

आपली साधी पितळी, आट्यांची तोटी घ्या. चावी फिरवली की आत एक पितळी दांडी वर-खाली होते. तिला स्पिंडल म्हणतात. दांडीच्या खालच्या टोकाला छत्रीच्या आकाराचा लहानसा पितळी तुकडा असतो, त्याला मिस्त्री जंपर म्हणतात. या जंपरच्या तळाला रबराची गोल चकती बसवलेली असते. हाच आपला वायसर. तोटीच्या आत पाणी येण्याचे जे गोल भोक आहे, त्याच्या काठाला बैठक म्हणू. नळ बंद केला की वायसर बैठकीवर दाबून बसतो आणि पाणी अडते. नळ उघडला की वायसर उचलला जातो आणि पाणी वाहते.

विहिरीवरच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह तुम्ही उघडून पाहिला असेल, किंवा गावातला हापसा दुरुस्त होताना पाहिला असेल. तेथेही वायसर झिजला की पाणी ठरत नाही. नळाचेही तेच. रबर वर्षानुवर्षे दाबून दाबून कडक होते, त्यावर बैठकीच्या काठाची गोल खाच पडते, मग त्या खाचेतून पाणी झिरपू लागते. आपण काय करतो? चावी आणखी जोराने आवळतो. त्याने खाच आणखी खोल जाते, आटे झिजतात आणि आठ दिवसांनी नळ पहिल्यापेक्षा जास्त गळतो.

गळती कोठून आहे ते ओळखा

नळ तीन जागी गळतो आणि तिन्हींचा इलाज वेगळा आहे. नळ पूर्ण बंद असताना तोंडातून थेंब पडत असतील, तर वायसर किंवा बैठक खराब आहे. नळ चालू केल्यावर चावीच्या खालून, दांडीच्या कडेने पाणी येत असेल, तर ग्लँड सैल आहे. तोटी जेथे भिंतीतल्या पाइपात बसते तेथून पाणी येत असेल, तर आट्यांचा जोड सैल आहे. कोरड्या फडक्याने नळ चांगला पुसा आणि ओल पहिल्यांदा कोठे दिसते ते नीट पाहा.

एक गोष्ट आधी करून बघा. गावच्या पाइपलाइनची दुरुस्ती झाली की पाण्याबरोबर वाळूचा कण येतो आणि वायसरखाली अडकतो. म्हणून नळाखाली बादली ठेवून नळ एकदा पूर्ण उघडा, जोरात पाणी जाऊ द्या आणि हलक्या हाताने बंद करा. कधी कधी एवढ्यानेच काम होते.

काय काय हवे?

एक सरकता पाना, एक पकड, एक पेचकस, जुने फडके, बादली आणि अर्ध्या इंची तोटीचा वायसर. घरातल्या तोट्या बहुधा अर्ध्या इंचीच असतात, दुकानदार त्याला १५ मिलिमीटर म्हणतो. आठवड्याच्या बाजाराला जाल तेव्हा एकाऐवजी चार वायसर आणा. जमल्यास वायसर लावलेला एक तयार जंपरही आणून ठेवा. जोडीला आट्यांना गुंडाळायची पांढरी टेफ्लॉन टेप आणा. हे सामान एका डब्यात घालून ठेवले की घरचा दवाखाना तयार झाला.

वायसर बदलण्याची रीत

पहिले काम पाणी बंद करण्याचे. टाकीचा नळ असेल तर टाकीखालचा व्हॉल्व्ह बंद करा. थेट योजनेचा नळ असेल तर अंगणातला कॉक बंद करा. कॉक नसेल, तर योजनेचे पाणी जाईपर्यंत थांबा आणि मगच हात लावा. ही पायरी कोणी गाळू नये. पाणी चालू असताना तोटी उघडली, तर पाण्याचा फवारा आढ्याला लागेल, वर पितळी तुकडा तोंडावर उडेल तो निराळाच.

पाणी बंद झाल्यावर नळ पूर्ण उघडा आणि पाइपातले राहिलेले पाणी काढून टाका. नळ उघडाच ठेवा, म्हणजे दांडी वर राहते आणि वायसर बैठकीवर दाबला जात नाही. खाली मोरी असेल तर तिच्या भोकावर फडके टाका, नाहीतर बारीक नट सरळ मोरीत जायचा.

आता चावीच्या खाली पाहा. सर्वांत वर एक लहान नट दिसेल, तो ग्लँडचा. त्याला आत्ता हात लावू नका. त्याच्या खाली तोटीच्या धडात बसलेला मोठा सहा-पैलू भाग असतो, तो खोलायचा आहे. त्यावर फडके गुंडाळा म्हणजे पितळेला ओरखडे पडणार नाहीत. एका हाताने किंवा पकडीने तोटीचे धड घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने पान्याने वरचा भाग डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवा. धड धरणे फार महत्त्वाचे. धड न धरता जोर लावला की तोटी भिंतीतल्या पाइपासकट फिरते, कधी प्लॅस्टिकचा पाइप आतल्या आत चिरतो, आणि मग चार रुपयांचे काम भिंत फोडण्यावर जाते.

वरचा भाग निघाला की त्याच्याबरोबर जंपर येईल, नाहीतर तोटीतच पडून राहील. तो बोटाने किंवा पकडीने उचला. तळाशी जुना वायसर दिसेल. तो लहान नटाने धरलेला असतो. नट पकडीने सोडवा, जुना वायसर काढा, त्याच मापाचा नवा बसवा आणि नट परत लावा. नट गंजून बसला असेल तर त्याच्याशी झटापट करीत बसू नका, आणून ठेवलेला तयार जंपर वापरा.

नवा वायसर बसवण्याआधी तोटीच्या आत बोट घालून बैठकीचा काठ चाचपा. तो गुळगुळीत लागला पाहिजे. आपल्याकडे विहिरीचे आणि बोअरचे पाणी जड असते, त्यामुळे काठावर क्षाराचा पांढरा थर धरतो. तो काढायला चिंचेचा कोळ किंवा लिंबाचा रस फडक्याला लावून थोडा वेळ ठेवा आणि घासा. आपण तांब्या-पितळेची भांडी घासतो तसेच हे काम आहे. सुईने किंवा चाकूने खरवडू नका, ओरखडा पडला की नवा वायसरही पाणी धरणार नाही. काठ फार खाल्लेला, खाचा पडलेला असेल, तर वायसर बदलून उपयोग नाही. अशी तोटीच बदला.

आता उलट क्रमाने सगळे बसवा. जंपर आत ठेवा, वरचा भाग आधी हाताने फिरवा. आटे सरळ बसले की तो सहज फिरत जातो. अडला तर जोर न करता काढून पुन्हा बसवा. शेवटी पान्याने थोडे आवळा. नळ बंद करा, मग व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. पाण्याआधी हवा निघेल, फुसफुस आवाज येईल, घाबरू नका. फडक्याने नळ पुसून पाच मिनिटे पाहा.

मला पहिल्या वेळी हे सगळे करायला तासभर लागला. आता चहाला आधण येईपर्यंत होते.

ग्लँडची गळती

चावीखालून पाणी येत असेल तर आधी तो वरचा लहान नट पान्याने उजवीकडे पाव फेरा आवळून बघा. बहुधा एवढ्यानेच थांबते. फार आवळला तर चावी जड जाते, म्हणून बेताने. तरी गळत असेल तर पाणी बंद करा, चावीचा स्क्रू काढून चावी उचला आणि नट वर घ्या. आत दांडीभोवती जुन्या सुताची वीण दिसेल. पंपाच्या ग्लँडमध्ये आपण दोरी भरतो, त्याचीच ही धाकटी बहीण. जुने सूत सुईने काढा. नवे सूत थोड्या व्हॅसलीनमध्ये मळून दांडीभोवती उजवीकडे, म्हणजे नट ज्या बाजूला आवळतो त्याच बाजूला गुंडाळा. उलट गुंडाळले तर नट आवळताना ते सुटून येते. सूत नसेल तर टेफ्लॉन टेप दोरीसारखी पिळून गुंडाळली तरी चालते. नट परत बसवा आणि चावी सहज फिरेल इतपतच आवळा.

जोडाची गळती

पाइपातल्या जोडातून पाणी येत असेल तर तोटी पूर्ण काढावी लागते. आटे जुन्या ब्रशने स्वच्छ करा आणि कोरडे करा. टोक आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने टेफ्लॉन टेपचे दहा-बारा वेढे ताणून गुंडाळा. मग तोटी हाताने आवळा आणि शेवटी पान्याने थोडी. पूर्वी मिस्त्री सूत आणि सफेदा लावीत. त्या जुन्या सफेद्यात शिसे असे, आणि शिसे पोटात जाणे वाईट. पिण्याच्या पाण्याच्या नळाला टेपच बरी.

नव्या तऱ्हेच्या तोट्या

काही तोट्यांची चावी पाव फेऱ्यातच पूर्ण उघडते. त्यांच्या आत रबराचा वायसर नसतो, चिनी मातीसारख्या कठीण पदार्थाच्या दोन गुळगुळीत चकत्या असतात. त्या गळू लागल्या तर आतला सगळा स्पिंडल बदलतात. जुना स्पिंडल दुकानात बरोबर न्या, कारण प्रत्येकाची लांबी आणि चावीचे दाते निराळे असतात. प्लॅस्टिकची स्वस्त तोटी गळू लागली तर तिच्या मागे वेळ घालवू नका, नवी बसवा. ती बसवताना पाना लावू नका, हातानेच आवळा, नाहीतर तडकेल. नवी पितळी तोटी घ्याल तेव्हा आय. एस. आय. ची खूण पाहून घ्या.

अडीअडचणीला

वायसर घरात नसला आणि बाजार चार दिवसांवर असला, तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा किंवा जुन्या चपलेच्या चामड्याचा गोल तुकडा जुन्या वायसरच्या मापाने कापून लावता येतो. पण ही चार दिवसांची सोय आहे. पिण्याच्या पाण्यात ट्यूबचे रबर कायम ठेवू नये. बाजारातून वायसर आला की लगेच बदला. आणि नळाच्या तोंडाला चिंधी किंवा खुंटी मारण्याचा उद्योग तर मुळीच करू नका. चिंधीत घाण साठते आणि तीच पाण्यातून पोटात जाते.

गळती पाण्यापुरती नाही

गळक्या नळाखाली सतत ओल राहते. मातीच्या भिंतीचा पाया त्या ओलीने भुसभुशीत होतो. डबक्यात आणि उघड्या भांड्यात साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू पसरवणारा डास अंडी घालतो. त्याहून वाईट गोष्ट ही, की आपल्या गावांत नळाला पाणी चोवीस तास नसते. पाणी गेले की पाइप रिकामा होतो आणि आत ओढ निर्माण होते. जोड गळका असेल आणि त्याच्याभोवती सांडपाणी असेल, तर तेच घाण पाणी पाइपात ओढले जाते आणि दुसऱ्या दिवशी घागरीत येते. पावसाळ्याच्या सुरुवातीला गावात हगवणीची साथ येते, तिचे मूळ पुष्कळदा अशा जोडात असते. याच कारणाने नळाला लावलेल्या रबरी नळीचे टोक बादलीत किंवा हौदात बुडवून ठेवू नये, आणि योजनेच्या नळाला थेट मोटार लावू नये.

भिंतीच्या आतली तोटी तुमची. रस्त्यावरच्या मुख्य पाइपलाइनला मात्र हात घालू नका. ती गळत असेल तर ग्रामपंचायतीला आणि पाणी सोडणाऱ्या माणसाला सांगा. एकदा सांगून झाले नाही तर ग्रामसभेत सांगा.

शेवटच्या घराचे पाणी

शेवटी एक गोष्ट सांगते. आमच्या आळीत टेकाडावर शेवटचे घर एका म्हाताऱ्या आक्काचे आहे. ती एकटीच राहते. तिच्याकडे नळ आहे, पण पाणी सुटले की खालच्या घरांचे भरून होईपर्यंत तासातला पाऊण तास संपायचा, आणि तिच्या नळाला करंगळीएवढी धार यायची. आम्ही सगळे म्हणायचो, “योजनाच कमी पडते.”

आमचा नळ दुरुस्त झाल्यावर मी आणि जाऊबाई, आता पुन्हा बोलत होतो हो, वायसरांचा डबा घेऊन आळीत फिरलो. चौदा घरांत सहा नळ गळके निघाले. दोन घरांच्या अंगणातल्या नळांना तर तोटीच नव्हती. पाणी सुटले की भांडे भरून वाहायचे आणि नुसते गटारात जायचे. “पाणी तर तासभरच येतं, तोटी कशाला?” असे त्यांचे म्हणणे. आम्ही सहा वायसर बदलले, आणि त्या दोघींनी आठवड्याच्या बाजारातून तोट्या आणल्या, त्याही बसवून दिल्या.

पुढच्या पाळीला पाणी सुटले तेव्हा मी टेकाडावर गेले. आक्का नळाजवळ उकिडवी बसली होती. खाली घागर होती आणि धार मनगटाएवढी जाड पडत होती. ती म्हणाली, “पोरी, आज काय वरून दुसरं धरण बांधलं का काय?” मी काय सांगणार? धरण तेच होते, पाणीही तेच होते.

म्हणून वाचकहो, आज रात्री निजताना कान द्या. टप् असा आवाज आला तर तांब्या लावा, हिशेब करा आणि रविवारी पाना हातात घ्या. मुलांना जवळ बसवा, मुलींनाही बसवा, म्हणजे पुढच्या पिढीला मिस्त्रीच्या वाटेकडे डोळे लावून बसावे लागणार नाही. आणि चावी फिरवताना पहिलवानकी नको. पाणी थांबेल एवढेच बोटांनी फिरवा. नवा वायसर वर्षानुवर्षे टिकेल.